कुणापैकी? : आप्त आणि जिवलग यांसाठी चिनी-जपानी शब्द

गावाकडे नवख्या माणसाला आधी नाव विचारतात, मग आडनाव. आडनावावरून उलगडा झाला नाही की सरळ प्रश्न येतो, "कुणापैकी?" ह्या एका शब्दात आपली सगळी समाजव्यवस्था बसलेली आहे. मी महाविद्यालयात रुजू झालो त्या आठवड्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हाच प्रश्न शहरी वेषात विचारला, "पाहुणे कुठले तुमचे?" मी सासुरवाडीचे गाव सांगितले. तेवढ्याने त्यांचे भागले नाही. तिसऱ्या प्रश्नाला मी स्वच्छ उत्तर दिले, आणि त्यानंतरचे आमचे बोलणे पावसापाण्यावर गेले.

त्याच सुमारास मी पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जपानी शिकायला जात होतो. पहिल्या काही धड्यांतच नात्याचे शब्द आले. स्वतःच्या आईविषयी परक्याशी बोलताना 'हाहा' म्हणायचे. दुसऱ्याच्या आईला मात्र 'ओकासान'. स्वतःचे वडील 'चिची', दुसऱ्याचे 'ओतोसान'. म्हणजे तोंड उघडण्यापूर्वीच बोलणाऱ्याला ठरवावे लागते की, ह्या प्रसंगी आतला कोण आणि बाहेरचा कोण. ह्या आत-बाहेरला जपानीत 'उची' आणि 'सोतो' म्हणतात. 'उची'चा अर्थ आत आणि घर असा दोन्ही. नात्यातल्या माणसाला 'मिउची' म्हणतात, त्यातही हाच 'उची' आहे. आणि ज्याच्याशी काही नाते नाही तो 'तानिन', शब्दशः 'दुसरा माणूस'. बाई विनयाचे नियम शिकवीत होत्या. माझ्या डोक्यात मात्र 'कुणापैकी' घुमत होते. पुढे वाचीत गेलो तसे लक्षात आले की चीन आणि जपान ह्या दोन्ही देशांत रक्ताच्या नात्याचे शब्द एका बाजूला आणि मनाच्या नात्याचे शब्द दुसऱ्या बाजूला अशी जुनी ओढाताण चाललेली आहे, आणि त्या ओढाताणीत माणसांचे जीवही गेलेले आहेत.

चिनी भाषेत नुसता 'भाऊ' म्हणता येत नाही. थोरला असेल तर 'गेगे', धाकटा असेल तर 'दीदी'. (आपल्याकडे दीदी कोण हे सांगायला नको, शब्दांची अशी गंमत असते.) बहीण थोरली 'ज्येज्ये', धाकटी 'मेइमेइ'. वडिलांचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा, मामा वेगळा, आत्या आणि मावशी वेगळ्या. इथवर मराठी माणसाला फारसे नवल वाटणार नाही. खरी मेख चुलतभावंडांपाशी आहे. काकांच्या मुलांना 'थांग' हे उपपद लागते आणि आत्या, मामा, मावशी ह्या तिघांच्याही मुलांना 'ब्याओ'. 'थांग' म्हणजे वाड्याचे मुख्य दालन. 'ब्याओ' म्हणजे बाहेरचे, वरवरचे. एका आडनावाचे, एका पूर्वजांना नैवेद्य दाखवणारे, एका जमिनीचे वारस ते दालनातले; आणि घरातून लग्न होऊन गेलेल्या बाईची लेकरे बाहेरची. आपण चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे चार शब्द वापरतो, पण भावकी आणि सोयरे हा भेद करतोच. चिनी शब्दांनी तो भेद अधिक उघडा करून ठेवला, एवढेच. ह्या शब्दांचा हिशेब फार जुना आहे. 'अर्या' नावाच्या चीनच्या प्राचीन शब्दकोशात नात्याच्या शब्दांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. एका आडनावात लग्न वर्ज्य. मामे-आते भावंडांत मात्र ते शतकानुशतके चालत आले. १९८० च्या विवाह कायद्याने तीन पिढ्यांच्या आतल्या सर्व रक्तसंबंधितांत विवाहाला बंदी केली, तेव्हा कायद्यापुरता तरी दालनातला आणि बाहेरचा हा भेद मिटला.

जपानी भाषेने चिनी लिपी घेतली, पण नात्याची ही बारकाई बोलण्यात घेतली नाही. काका, मामा सगळे 'ओजी'. कागदावर लिहिताना मात्र आईबापांहून थोरला असेल तर एक अक्षर आणि धाकटा असेल तर दुसरे. म्हणजे कानाला जो भेद ऐकू येत नाही तो डोळ्याला दिसतो!

आडनावाने जोडलेल्या ह्या घराच्या दाराशी उभा राहिलेला माणूस लू शुनने आपल्याला दाखवला आहे. १९२१-२२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'आ क्यू'च्या कथेत हा भूमिहीन, बेघर मजूर दारूच्या भरात बोलून जातो की आपणही गावच्या प्रतिष्ठित जाओ घराण्यापैकीच. दुसऱ्या दिवशी त्याला वाड्यावर बोलावणे येते. तुझ्यासारख्याचे आडनाव जाओ कसे असेल, असे विचारून जाओ म्हातारा त्याच्या तोंडात मारतो. आ क्यू काही बोलत नाही. गावकरी उलट त्यालाच नावे ठेवतात. आ क्यूचे खरे आडनाव काय, हे निवेदकाला अखेरपर्यंत कळत नाही. आपल्या पूर्वजांनी गावच्या धन्याला 'मायबाप' म्हटले. त्या मायबापांनी आपल्याला लेकरू म्हणून ओट्यावर घेतले नाही. नात्याचा शब्द वरच्याला उद्देशून वापरायला लावायचा आणि नाते मात्र द्यायचे नाही, ही युक्ती एकट्या हिंदुस्थानची नव्हे. जपानात मजुरांच्या मुकादमाला 'ओयाबुन' म्हणत आणि हाताखालच्याला 'कोबुन'. 'ओया' म्हणजे आईबाप, 'को' म्हणजे मूल.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कन्फ्यूशियसच्या परंपरेत माणसाची पाच नाती सांगितली आहेत. मेन्शियसने ती मोजून दिली: बाप-लेक, राजा-सेवक, नवरा-बायको, थोरला-धाकटा भाऊ, आणि शेवटी मित्र-मित्र. पहिल्या चारांत एक वर, एक खाली. पाचव्यातच काय ती बरोबरी आहे, आणि ते शेवटी टाकले आहे. ह्यावर हजारो पाने लिहिली गेली, पण त्यातला अर्थ उघड बोलून दाखवायला १८९६-९७ साल उजाडावे लागले. त्या सुमारास थान सीथोंग नावाच्या तरुणाने 'रनश्युए' हा ग्रंथ लिहिला आणि त्यात म्हटले की पाचांपैकी मैत्री हेच नाते ठेवण्याजोगे आहे, कारण त्यात समता आणि स्वातंत्र्य आहे. बाकीची चार तिच्याच नमुन्यावर नव्याने घडवली पाहिजेत. समतेसाठी त्याने वापरलेला शब्द 'फिंगदंग' हा चिनीत मुळात बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरातून रुजलेला. थान सीथोंगने नानजिंगला यांग वनह्वी ह्या बौद्ध विद्वानाजवळ अध्ययन केले होते. १८९८ ची सुधारणा चळवळ चिरडली गेली तेव्हा पळून जायची संधी असूनही तो गेला नाही. २८ सप्टेंबर १८९८ रोजी बीजिंगमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. वय ३३.

मित्राला चिनीत 'फंगयोउ' म्हणतात. त्यातल्या 'योउ' ह्या अक्षराच्या प्राचीन रूपात दोन हात शेजारी शेजारी काढलेले आहेत. इ.स. १०० च्या सुमारास पूर्ण झालेल्या 'श्वोवन' कोशात ह्या अक्षराचा अर्थ 'समान निश्चयाचे' असा दिला आहे. पण मित्रांमधल्या मित्रासाठी दोन खास शब्द आहेत, त्यांच्यापाशी थोडे थांबले पाहिजे.

पहिला 'जीयिन'. 'जी' म्हणजे जाणणे, 'यिन' म्हणजे स्वर. माझा स्वर जाणणारा. ह्यामागची गोष्ट इ.स. पूर्व तिसऱ्या शतकातल्या 'ल्यू-श छुनछ्यू' ग्रंथात आहे. बोया सात तारांचे छिन हे वाद्य वाजवायचा. मनात पर्वत आणून वाजवले की जोंग झीछी म्हणे, थाय पर्वतासारखे उंच वाटते. मनात पाणी आणले की म्हणे, वाहत्या प्रवाहासारखे वाटते. झीछी मेला तेव्हा बोयाने वाद्य फोडले आणि जन्मभर पुन्हा वाजवले नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढेच. १६२४ साली फंग मंगलोंगने हीच गोष्ट आपल्या कथासंग्रहात नव्याने सांगितली. तिथे बोया मोठा दरबारी अधिकारी आहे आणि झीछी आहे लाकूडतोड्या. रात्री नदीकाठी नाव थांबलेली, बोया वाजवतो आहे, आणि काठावर कुणी ऐकत असल्याचे त्याला कळते. ऐकणारा लाकूडतोड्या आहे म्हटल्यावर त्याचा विश्वासच बसत नाही. लाकूडतोड्याला संगीतातले काय कळणार? तो त्याची परीक्षा घेतो. वाद्याचा इतिहास विचारतो, रचना विचारतो. झीछी न अडखळता सगळे सांगतो. मग कुठे त्याला मानाने बसवले जाते, आणि शेवटी दोघे एकमेकांना भाऊ मानतात.

ही परीक्षा आपल्या ओळखीची आहे. आपल्यातला मुलगा व्यासपीठावर चांगले बोलला की दोनतीन जादा प्रश्न त्याच्यासाठी राखून ठेवलेले असतात. तरीही फंग मंगलोंगचे मला कौतुक वाटते ते अशासाठी की स्वर जाणणारा माणूस त्याने दरबारात शोधला नाही. वूहान शहरात ह्या दोघांच्या नावाने एक जुने स्मारक आहे, आणि 'वाहते पाणी' ही बोयाशी जोडलेली रचना ग्वान फिंगहूच्या वादनातून १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली गेली.

दुसरा शब्द 'जीजी'. पहिला 'जी' तोच, जाणणे. दुसऱ्याचे अक्षर वेगळे, अर्थ 'स्वतः'. मला जाणणारा. जपानीत हाच शब्द 'चिकी' म्हणून गेला आणि पातळ होऊन नुसत्या ओळखीच्या माणसावर आला. चिनीत मात्र तो जड आहे. इतिहासकार सीमा छ्येनने यू रांगची हकीकत दिली आहे. ह्याचा धनी जीबो लढाईत मारला गेला. सूड घेण्यासाठी यू रांगने अंगाला लाखेचे रोगण फासून कातडी महारोग्यासारखी केली, निखारे गिळून आवाज घालवला आणि बाजारात भीक मागत हिंडला. बायकोने ओळखले नाही. मित्राने ओळखले! आधीच्या धन्यांसाठी तू सूड का घेतला नाहीस, असे विचारल्यावर त्याचे उत्तर असे की त्यांनी मला चारचौघांसारखे वागवले, जीबोने माझी योग्यता जाणली. शेवटी शत्रूच्या वस्त्रावर तलवारीचे वार करून त्याने स्वतःला संपवले.

ही कथा चीनमध्ये निष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाचवत नाही. जाणणारा वरचा, मरणारा खालचा. आयुष्यात कुणी एकाने आपली किंमत ओळखली म्हणून माणूस जीव टाकतो, ह्यात त्या माणसाच्या निष्ठेपेक्षा बाकीच्यांच्या न ओळखण्याची क्रूरताच जास्त दिसते. मात्र बायकोला आणि मित्राला एकाच बाजारातून जाऊ देणाऱ्या सीमा छ्येनला एक गोष्ट नक्की ठाऊक होती. एका घरात राहिल्याने माणूस कळतो असे नाही.

'थोंगजी' हा शब्द आपल्या कार्यकर्त्यांना 'कॉम्रेड' ह्या अर्थाने परिचित असेल. 'थोंग' म्हणजे समान. 'जी' हे तिसरेच अक्षर, अर्थ निश्चय किंवा ध्येय. त्याचा उगम पाहिला तर थोडा धक्का बसतो. 'ग्वोयू' ह्या प्राचीन ग्रंथात विचारांची साखळी अशी लावली आहे की समान आडनावातून समान गुण येतात, समान गुणांतून समान मन, आणि समान मनातून समान निश्चय. म्हणजे ध्येयाच्या नात्याचे मूळही आडनावातच! विसाव्या शतकाने ही साखळी तोडली. सन यत-सेनच्या १९२५ च्या मृत्युपत्रात सहकाऱ्यांना उद्देशून हाच शब्द आहे, आणि १९४९ नंतर तो बसच्या वाहकापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना लागू झाला. पुढे १९८९ च्या सुमारास हाँगकाँगमधल्या समलिंगी स्त्री-पुरुषांनी तोच शब्द स्वतःसाठी उचलला. ज्यांना घराने बाहेर काढले त्यांनी आपसात लावायला हा शब्द निवडला, हे मला फार योग्य वाटते. जपानीत तो 'दोशी' होतो.

पण आडनाव मागच्या दाराने परत येते. १९६६ साली सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत बीजिंगच्या शाळांमधून असा सिद्धान्त पसरला की बाप क्रांतिकारक असेल तर मुलगा क्रांतिकारक, बाप प्रतिगामी असेल तर मुलगाही तसाच. ज्यांचे आजे-पणजे जमीनदार होते, ज्यांच्या आईबापांवर 'उजवे' असा शिक्का होता, त्यांची मुले 'थोंगजी' ह्या शब्दाबाहेर पडली. यू लुओक हा त्यांपैकीच एक. जन्म १९४२. आईबापांवर शिक्का, म्हणून गुण असूनही महाविद्यालयाचे दार बंद; कारखान्यात उमेदवारी करीत होता. त्याने 'जन्मकुळाविषयी' असा निबंध लिहिला. तो जानेवारी १९६७ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका पत्रात छापून आला. त्यात त्याने विचारले की ही पद्धत अमेरिकेतले काळे, भारतातले शूद्र आणि जपानमधले अस्पृश्य ह्यांना लागू केलेल्या जातिव्यवस्थेपेक्षा वेगळी कशी? बीजिंगच्या कारखान्यातल्या एका पोराला आपली आठवण झाली होती, हे आपल्याकडच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? ५ मार्च १९७० रोजी त्याला गोळी घातली गेली. १९७९ मध्ये निर्दोष ठरवण्यात आले.

त्याने उल्लेखिलेले जपानमधले अस्पृश्य म्हणजे बुराकू लोक. 'बुराकू'चा मूळ अर्थ नुसता 'वस्ती'. कातडे कमावणे, मेलेली जनावरे ओढणे अशी कामे ज्यांच्या माथी होती त्यांना 'एता' आणि इतर काहींना 'हिनिन', म्हणजे 'माणूस नव्हे', असे म्हणत. १८७१ च्या आदेशाने ही नावे कायद्यातून गेली. पण १८७२ मध्ये झालेल्या कुटुंबनोंदणीत अनेक ठिकाणी जुना दर्जा कळेल अशा खुणा राहिल्या, आणि ती दप्तरे लोकांना पाहायला बंद व्हायला १९६८ साल उजाडले. तरीही १९७५ मध्ये उघडकीला आले की बुराकू वस्त्यांची नावे-पत्ते असलेली यादी गुप्तपणे विकली जाते आणि २०० हून अधिक कंपन्यांनी ती विकत घेतली आहे. नोकरीला घेण्यापूर्वी, मुलगी देण्यापूर्वी चौकशी करायची. जपानीत तिला 'मिमोतो' तपासणे म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते लेखाच्या आरंभी आलेच आहे.

ह्या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये 'सुइहेइशा', समतल करणाऱ्यांची संघटना, स्थापन केली. जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः साइको मांकिची ह्या बुराकू देवळात जन्मलेल्या तरुणाचा. त्यात ज्या शब्दाने सभेला साद घातली तो शब्द 'क्योदाय', भावांनो. हा शब्द दोन चिनी अक्षरांनी लिहितात, थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ. म्हणजे त्यातही उतरंड आहेच. दुसरा शब्द हाताशी होता. 'दोहो', चिनीत 'थोंगबाओ', शब्दशः एका गर्भातले. आपला 'सहोदर' अगदी तोच. अकराव्या शतकातल्या जांग झाई ह्या चिनी तत्त्वज्ञाने तर सगळी माणसे आपली सहोदर म्हटली होती. पण आधुनिक जपानात 'दोहो' हा राष्ट्राचा, सरकारी भाषणांचा शब्द झाला होता. वरच्या वर्गातले दयाळू सुधारक बुराकूंना सहोदर म्हणून 'समेट' करायला सांगत होते. जाहीरनाम्याने ही दया स्पष्टपणे नाकारली. आम्हांला कनवाळूपणाने वागवण्याच्या चळवळींनीच आम्हांला खाली आणले, असा त्याचा आशय आहे. 'क्योदाय' हा गल्लीतला, कामावरचा शब्द होता, आणि तो त्यांचा स्वतःचा होता.

आता एक शब्द असा की जो आपल्याकडूनच तिकडे गेला. पाली वाङ्मयात 'कल्याणमित्त' आहे. आनंदाने म्हटले की चांगल्या मित्राची संगत म्हणजे अर्धे धम्मजीवन. बुद्धाने त्याला दुरुस्त केले की अर्धे नव्हे, सगळेच. चिनी भाषांतरकारांनी ह्या शब्दासाठी 'शान-जीशी' केला. 'शान' म्हणजे कल्याण. 'जीशी' म्हणजे ओळखीचा माणूस, आणि त्यातला 'जी' म्हणजे पुन्हा तोच 'जाणणे'. जपानीत तो 'चिशिकी' झाला. आजच्या जपानीत 'चिशिकी' म्हणजे ज्ञान, माहिती. आठव्या शतकात मात्र धर्मकार्यासाठी एकत्र येऊन श्रम आणि धन देणाऱ्या लोकांच्या जथ्याला 'चिशिकी' म्हणत. ग्योकी (६६८-७४९) नावाचा भिक्षू मठ सोडून खेड्यापाड्यांत हिंडला. त्याच्यामागे आलेल्या लोकांनी पूल बांधले, तळी खोदली, वाटसरूंसाठी निवारे उभारले. राजसत्तेला हे रुचले नाही. ७१७ च्या आदेशात त्याचे नाव घेऊन तो लोकांना बहकवतो असे म्हटले आहे. पुढे सम्राट शोमूला नाराच्या प्रचंड बुद्धमूर्तीसाठी माणसे हवी होती. ७४३ च्या आज्ञापत्रात त्याने ह्याच 'चिशिकी'ला आवाहन केले की गवताची काडी आणि मूठभर माती घेऊन येणाऱ्यालाही सामील होऊ द्यावे. ज्याला बहकवणारा म्हटले त्यालाच ७४५ मध्ये सर्वोच्च भिक्षुपद दिले. ७५२ साली मूर्तीचे डोळे उघडले तेव्हा ग्योकी हयात नव्हता. लोकांची मैत्री राजाच्या कामाला जुंपली गेली, हे नजरेआड करता येत नाही. मूर्तीपेक्षा मला त्यांची तळीच जवळची वाटतात.

त्यांतले एक, ग्योकीच्या जथ्याने दुरुस्त केलेले सायामा तळे, ओसाकाजवळ अजून आहे. त्याच्या काठावर २००१ साली संग्रहालय उघडले. तिथे जुन्या बांधाचा उभा छेद कापून ठेवला आहे, पंधरा मीटरहून उंच. निरनिराळ्या शतकांत लोकांनी टाकलेल्या मातीचे थर त्यात एकावर एक दिसतात.